७ ब ला ऐकू गेले नाही

माझ्यापुढे तीन वह्या आहेत. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, वाणी उधारी मांडायला वापरतो तशा. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय, ‘प्रक्षेपण नोंदवही. सुरुवात : जून १९७६.’ खाली पट्टीने आखलेले सहा रकाने : तारीख, सुरू, संपले, निवेदन, तांत्रिक, शेरा. आमच्या शाळेत मुलांनी पंधरा वर्षं एक रेडिओ चालवला, त्याचा एवढाच पुरावा उरला आहे.

शाळा लालबागची, मराठी माध्यमाची, बहुतेक मुलं गिरणी कामगारांची. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एका निर्णयाबद्दल मला कडू बोलायचंय आणि तो घेणारे आज उत्तर द्यायला नाहीत. गेल्या वर्षी पटसंख्येअभावी माध्यमिकचे शेवटचे वर्ग बंद झाले. प्रयोगशाळेची कपाटं रिकामी करताना तिथल्या सहायकांना या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यात दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, एका पानाचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली विचारलं, ‘हे अक्षर कोणाचं?’

अक्षर माझं होतं. आठवीतलं, उजवीकडे कललेलं, वेलांट्या फार मोठ्या काढणारं.

रेडिओ म्हणतेय खरी, पण हवेतून काहीच जात नव्हतं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून शाळांसाठी कार्यक्रम लागायचे. ते मुलांना ऐकवता यावेत म्हणून आमच्या आधी कधीतरी प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर एकेक लाकडी खोका बसवला गेला होता. पुढून जाळीदार कापड, आत स्पीकर. सगळ्या खोक्यांच्या तारा व्हरांड्याच्या छताखालून, जिन्याच्या कठड्याला बांधलेल्या, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत यायच्या. ती खोली म्हणजे मुळात ॲसिडच्या बाटल्या आणि मोडकी स्टँडं ठेवायची जागा. तिथे एका टेबलावर आहुजाचा ॲम्प्लिफायर, मर्फीचा एक रेडिओ आणि स्प्रिंगच्या मानेचा माईक. गंधकाचा वास कायमचा. आजही कुठे काडेपेटीची काडी ओढली की मला मधली सुट्टी झाल्यासारखं वाटतं.

हे सामान शाळांसाठीच्या कार्यक्रमांपुरतं वापरायचं आणि एरवी मुख्याध्यापकांच्या सूचनांसाठी, असा रिवाज होता. १९७६ मध्ये विज्ञानाच्या एका तरुण सरांनी मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं मागून घेतली. मुलांनी लिहायचं, मुलांनी बोलायचं, बटणंही मुलांनीच फिरवायची. सर दाराबाहेर स्टुलावर बसायचे. सुट्टीतला त्यांचा चहा शिपाईमामा तिथेच आणून द्यायचे. दाराबाहेरच्या त्या स्टुलाचं मोल मला फार उशिरा कळलं. आत बसले असते तर आम्ही त्यांच्याकडे बघून बोललो असतो.

आवाज खोक्यापर्यंत कसा जातो हे ते एकदाच सांगायचे, नव्या मुलांना, जूनमध्ये. माईकमध्ये आवाजाची वीज होते, पण ती अगदी अशक्त. ॲम्प्लिफायर तिला बळ देतो. तरी लांबच्या तारेत ती गळते, म्हणून व्होल्टेज चढवून पाठवायची आणि प्रत्येक खोक्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून पुन्हा उतरवून घ्यायची. ‘खोपोलीची वीज तुमच्या वडिलांच्या गिरणीत येते ना, ती अशीच,’ ते म्हणायचे. टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला जलविद्युत केंद्र उभारलं ते मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून, हे आम्हाला इतिहासाच्या तासाला नाही, त्या गंधकाच्या खोलीत कळलं.

पहिल्या वहीत ऑगस्ट ७६ चा एक शेरा आहे : ‘तार मोजली. २१२ मीटर.’ त्यामागची गोष्ट शाळेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. आकाशवाणीचे निवेदक केंद्राच्या नावापाठोपाठ त्याच्या लहरींची लांबी सांगत, इतके इतके मीटर्स. आमच्या पहिल्या निवेदकाने सरांना विचारलं, आपले मीटर किती? सर म्हणाले, मोजा. मग चार मुलं शिंप्याची टेप घेऊन व्हरांडे आणि जिने चढत-उतरत अख्खी मुख्य तार मोजून आली. त्या दिवसापासून सुरुवातीचं वाक्य ठरलं ते शेवटपर्यंत तेच राहिलं. ‘हे आपल्या शाळेचं केंद्र आहे. आम्ही २१२ मीटर तारेवरून बोलत आहोत.’

केंद्राला नाव कधी ठेवलंच गेलं नाही. ‘केंद्रावर चाललेय’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

कार्यक्रम साधे. दिनविशेष, एखादी कविता, कोडं, हरवले-सापडले, आणि मंगळवारी व शुक्रवारी ‘घरचा शब्द’. हा सगळ्यांचा लाडका. ज्याने-त्याने आपल्या घरात बोलला जाणारा, पुस्तकात नसलेला एक शब्द आणायचा आणि तो कोण, कधी वापरतं ते सांगायचं. वहीत ते शब्द टिपलेले आहेत. झिल, चेडू, खंयसर हे मालवणी घरांतले. कोरड्यास हा साताऱ्याकडचा. वरळीहून येणाऱ्या पद्मशाली मुलांचे तेलुगू शब्द, देवनागरीत कसेबसे बसवलेले. आणि गिरणीचे : साचा, कांडी, बदली, खाडा. खाडा माझा होता. माझे बाबा साचेखात्यात होते, आणि आमच्या खोलीत ‘या महिन्यात एकही खाडा नाही’ हे वाक्य आई दिवाळीच्या फराळासारखं वाटत सुटायची. माईकवर मी ते तिच्याच सुरात सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना पाचवीतली एक पोरगी येऊन म्हणाली, ‘आमच्या घरी पण खाडा म्हणतात.’ मला वाटतं, माझ्या बोलण्याचं मला मिळालेलं ते पहिलं उत्तर.

‘संपले’ या रकान्यावर वेगळा लेख लिहिता येईल. मधली सुट्टी साडेतीनला संपायची आणि साडेतीनलाच गिरण्यांची पाळी सुटायची. भोंगे व्हायचे. आधी जवळची गिरणी, मग पलीकडची, मग लांब करी रोडच्या बाजूची, एकात एक मिसळत. भोंगा सुरू झाला की भिंतीवरच्या खोक्याचं काही चालत नसे. म्हणून वहीत जागोजागी ‘भोंग्याच्या आत संपले’ असा शेरा आहे, शाबासकीसारखा. आणि मधूनच : ‘कविता भोंग्यात गेली.’ मला हे वाक्य इतकं आवडलं की ते वाचून मी वही मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

दुसरा वारंवार येणारा शेरा म्हणजे या लेखाचं शीर्षक. ‘७ ब ला ऐकू गेले नाही.’

सातवी ब चा वर्ग तिसऱ्या मजल्यावर टोकाला होता, तारेच्या शेवटी. तिथला खोका सतत बंद पडायचा. कधी ट्रान्सफॉर्मर जळाला, कधी तार उंदरांनी खाल्ली. १९८१ च्या दिवाळीनंतर तर तो महिनोन्‌महिने मुकाच होता. दुरुस्तीला पैसे नव्हते. सरांनी तोडगा काढला : ज्याचं निवेदन असेल त्याने केंद्र बंद करून कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचं आणि ७ ब मध्ये उभं राहून सगळा कार्यक्रम पुन्हा वाचायचा. सुट्टी संपून तास सुरू झालेला असायचा. तिथल्या बाईंनी त्यासाठी तासाची पहिली सात-आठ मिनिटं सोडून दिली होती.

आम्हाला ती शिक्षा वाटायची. खोलीत माईकसमोर मी राणी होते. ७ ब मध्ये चाळीस-पंचेचाळीस चेहरे समोर. कविता लांबली की मागचा बाक कंपासपेटीशी खेळायला लागायचा. कोडं सोपं निघालं की मी वाचून संपवायच्या आत उत्तर यायचं. पण तीन-चार वेळा जाऊन आल्यावर माझं माईकवरचं बोलणं बदललं. कागद लिहितानाच मला तो मागचा बाक दिसायला लागला. ‘साजरा करण्यात येतो’ असं मी लिहायची ते ‘साजरा करतात’ असं लिहायला लागले. आकाशवाणीच्या बायकांसारखा गळा काढून बोलणं थांबलं. आजपर्यंत बोलण्याबद्दल आणि लिहिण्याबद्दल मला जे काही कळलंय त्यातलं निम्मं तरी त्या वर्गाच्या दारातलं आहे.

मग १८ जानेवारी १९८२, सोमवार. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणं आणि कामगारांना हवी ती युनियन मान्य होणं, अशा मागण्या होत्या. सुमारे अडीच लाख माणसं कामावर गेली नाहीत. त्या दिवशीच्या शेऱ्यात काहीच नाही. त्याच आठवड्यात पुढे कोणीतरी लिहिलंय : ‘भोंगा नाही. ३.३४ ला संपले.’ त्यानंतर ‘भोंग्याच्या आत’ हा शेरा वहीत पुन्हा कधीच येत नाही. कुठे संपवायचं हे आता घड्याळ बघून ठरवावं लागत होतं, आणि आमच्यातल्या कोणालाच घड्याळाकडे बघून बोलायची सवय नव्हती.

मुख्याध्यापकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, केंद्रावरून संपाविषयी एक शब्द जाता कामा नये. त्यांची बाजू मला आज दिसते. एका बाकावर संपात असलेल्याचा मुलगा आणि कामावर जाऊ बघणाऱ्याचा मुलगा शेजारी-शेजारी बसत होते. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी असायची. शाळेत वाद शिरू नये असं त्यांना वाटलं असेल. पण बाहेर दुसरं काही घडतच नव्हतं. घरात, जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत एकच विषय होता, आणि आम्ही माईकवरून पेंग्विन अंडं कसं उबवतो ते सांगत होतो.

फेब्रुवारी लागला आणि मुलं शाळा सोडून जायला लागली. मुंबईत पगाराशिवाय राहायचं कसं? बाप मागे राहायचा, बायकामुलांना कोकणात, साताऱ्याकडे, गावी पाठवून द्यायचा. रात्रीच्या एसटीने मुलं जायची आणि सकाळी हजेरीत कळायचं. नववीतल्या एका ताईची बाकावरची मैत्रीण अशीच न सांगता गेली. त्या ताईने हरवले-सापडलेमध्ये एक चिठ्ठी दिली. तिची जुनी पट्टी माझ्याकडे राहिली आहे, पत्ता कोणाला माहीत असल्यास सांगावा. सरांनी चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत, परत आमच्या हातात दिली. ती वाचली गेली. दुसऱ्या दिवशी चार चिठ्ठ्या आल्या.

मग त्याचं एक सदरच झालं. जाणाऱ्याचं नाव आदल्या दिवशी आम्हाला कळवायचं आणि आम्ही ते वाचायचं. मजकूर ठरलेला : ‘अमुक वर्गातील अमुक हा विद्यार्थी उद्यापासून गावी जात आहे. केंद्रातर्फे त्याला शुभेच्छा.’ कविता गेली, कोडं गेलं, ‘घरचा शब्द’ आठवड्यातून एकदाच उरला. वहीची ती पानं उलटताना निवेदनाच्या रकान्यातलीही नावं बदलत जाताना दिसतात. ज्यांनी सोमवारी दुसऱ्यांची नावं वाचली, त्यांचं स्वतःचं नाव गुरुवारी कोणीतरी वाचलेलं. संपाविषयी एक शब्दही न उच्चारता आम्ही रोज संपाचीच बातमी देत होतो. हे आम्हाला कळत होतं का? मला तरी नाही. मला ती फक्त नावं वाटत होती.

एका दिवशी यादीत ७ ब चा एक मुलगा होता. खोलीत मी त्याचं नाव इतर नावांसारखं वाचलं. मग कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले आणि दारात उभी राहून तेच वाचायला लागले. बाकी सगळ्या वर्गांत नावं भिंतीतून आली होती. इथे नाव माझ्या तोंडून निघालं आणि तिसऱ्या बाकावरचा एक बारका मुलगा हजेरी चालू आहे असं समजून उभा राहिला आणि म्हणाला, ‘हजर.’

वर्गातलं कोणी हसलं नाही. मला पुढचं वाक्य वाचता आलं नाही. बाईंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि त्या वाचायला लागल्या, ‘उद्यापासून गावी जात आहे.’ तो उभाच होता.

२२ फेब्रुवारीचं निवेदन माझं होतं. पाच नावं होती. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या नावाला ठरलेल्या मजकुरात मी तीन शब्द घातले. ठरवून, आदल्या रात्री पाठ करून. ‘गिरणी बंद असल्यामुळे उद्यापासून गावी जात आहे.’

चौथं नाव अर्धं झालं होतं तेव्हा शिपाईमामा धापा टाकत आले. ‘साहेब म्हणतात, बंद करा.’ तांत्रिक बाजूला माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बटण बंद केलं. त्या दिवशीचा शेरा सरांच्या अक्षरात आहे : ‘निवेदन मध्येच थांबवले.’ कर्तरी नाही, कर्मणी. कोणी थांबवलं ते सरांनी लिहिलं नाही. उरलेली नावं वाचायची राहिली आणि मला ७ ब मध्येही जाऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मुख्याध्यापक म्हणाले, मुलीला शिस्त नाही. बाबांनी विचारलं, ‘साहेब, पोरगी खोटं बोलली का?’ साहेब म्हणाले, ‘प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही.’ बाबांनी मान डोलावली, नमस्कार केला आणि मला घेऊन बाहेर आले. मला केंद्रावरून काढलं, वर्ष संपेपर्यंत. पुढच्या जूनमध्ये मला कोणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. त्या संध्याकाळी आकाशवाणीवर कामगार सभा लागली तेव्हा बाबांनी आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवला. एवढंच.

कोण जातंय ते सांगायचं, का जातंय ते सांगायचं नाही. या रेषेचा मला तेव्हा राग आला होता, आणि चाळीस वर्षांनंतरही तो गेलेला नाही. वह्या हाती आल्यावर मी या शहरातल्या आवाजाचा इतिहास वाचायला बसले तेव्हा तीच रेष मला ठिकठिकाणी भेटत गेली.

१९२३ साली जूनमध्ये मुंबईत रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रक्षेपण सुरू केलं. त्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या बेन्सन पॉलिटेक्निक या हायस्कूलला स्वतःच्या रेडिओ केंद्राचा परवाना मिळाला. दोन्हीकडे हौसच. फरक पुढे पडत गेला. तिकडे १९४८ मध्ये शाळा-कॉलेजांना परवडेल असा अवघ्या दहा वॅटच्या एफएम केंद्राचा परवाना निघाला, आणि १९४९ पासून इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनी गावच्या हायस्कूलची मुलं आपलं एफएम केंद्र चालवायला लागली. दहा वॅट! आमच्या वर्गातला दिवाही साठाचा होता. पण त्यांचे दहा वॅट हवेतून गावभर जात होते आणि आमचा अख्खा ॲम्प्लिफायर कुंपणाच्या भिंतीपाशी थांबत होता. इकडे २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं रीतसर केंद्र सुरू झालं, तीन वर्षांत ती खाजगी कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. १८८५ च्या तार कायद्याने संदेश पाठवायचा हक्क आधीच सरकारचा होता. १९३३ च्या कायद्याने तर नुसता रेडिओ बाळगायलाही परवाना लागायला लागला. आमच्या घरी ते पोस्टाचं लायसन्सचं पुस्तक होतं. बाबा ते रेशनकार्डाच्या आत ठेवायचे.

आणि या सगळ्याच्या मधोमध, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, याच शहरात एक बावीस वर्षांची विद्यार्थिनी. उषा मेहता. पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं, म्हणून तिने आणि सोबत्यांनी चोरून एक प्रक्षेपक उभा केला. २७ ऑगस्टला पहिल्यांदा शब्द गेले : हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते जागा बदलत राहिले. चितगावची बॉम्बफेक, आष्टी-चिमूरचे अत्याचार आणि जमशेदपूरचा संप या बातम्या त्यांनी दिल्या. होय, संपाची बातमी. १२ नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला.

हे वाचताना मला ‘४२.३४ मीटर’ या आकड्यापाशी थांबावं लागलं. आम्ही २१२ मीटर म्हणत होतो ती तार होती, त्यांची ती लहर होती. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही हे मला समजतं. पण मी काढली गेले तेव्हा उषाताई याच शहरात होत्या. अनेक वर्षं मुंबई विद्यापीठात शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. परळहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर. आम्हाला त्या कोणी दाखवल्या असत्या तर, असं मला फार वाटतं. पाठ्यपुस्तकात बेचाळीसचा लढा दोन पानं होता आणि त्यात रेडिओ नव्हता.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायला परवानगी मिळाली, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही दार उघडलं. शंभर वॅट, तीस मीटरपर्यंतचा खांब, आजूबाजूचे काही किलोमीटर. मुंबई विद्यापीठाचं १०७.८ वरचं केंद्र मी पहिल्यांदा ऐकलं ते कलिन्याहून रिक्षाने जाताना, भाच्याच्या मोबाइलवर. एक मुलगी परीक्षेच्या अर्जांबद्दल बोलत होती. तिचा श्वास ऐकू येत होता, नवख्या निवेदकाचा असतो तसा. रिक्षा पुढे गेली, खरखर वाढली आणि ती हरवली.

पण त्या धोरणातही एक अट होती : सामुदायिक केंद्रांनी बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या नाहीत. अर्जांची तारीख सांगा, पाणी कधी येणार ते सांगा. ही अट वाचली तेव्हा मला माझे तीन शब्द आठवले. मुलांच्या, गावाच्या, वस्तीच्या तोंडी ‘असल्यामुळे’ हा शब्द येऊ नये, असं आपल्याकडे सगळ्यांनाच का वाटतं? ‘का’ सांगितल्याशिवाय सांगितलेली गोष्ट अर्धी राहते. न्यू अल्बनीच्या मुलांना हे पहिल्या दिवसापासून करून बघता आलं. चुकतही असतील. चुकायची जागा तरी होती.

तिसऱ्या वहीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १९८४ ला सुरू होते. सरांची बदली दुसऱ्या शाखेत झाली. शेऱ्यांची जागा सह्यांनी घेतली. वर्गात टीव्ही आला. निवेदनाच्या रकान्यात ‘सूचना’ हा शब्द वाढत जातो आणि १९९१ च्या पावसाळ्यात नोंदी थांबतात. शेवटची पंधरा-वीस पानं कोरी आहेत.

मला दुसऱ्या वहीकडे परत जायचंय, २२ फेब्रुवारीच्या पुढे. ती पानं मी कधी पाहिलीच नव्हती. मी गेल्यावर काय झालं हे विचारायला माझा अभिमान आडवा आला होता, आणि ज्याने बटण बंद केलं त्या मुलाशी मी दहावीपर्यंत बोलले नाही. त्यामुळे परवा रात्री ती पानं उघडली तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नावं वाचणं थांबलं नव्हतं. २४ फेब्रुवारीला माझ्या राहिलेल्या नावांसकट यादी वाचली गेली होती. निवेदन : तोच मुलगा. तांत्रिकवरून तो माईकवर आला होता. ‘७ ब ला ऐकू गेले नाही. जाऊन वाचले.’ रोज, त्याच्याच अक्षरात. मार्चभर तो रोज तिसऱ्या मजल्यावर जात होता.

१६ मार्चला सरांचा शेरा आहे, नेहमीपेक्षा मोठा, दोन ओळींत कोंबलेला : ‘७ ब चा स्पीकर आज उघडला. बिघाड नाही. तार उंदराने खाल्ली नसून मुलांनी आतून सोडवून ठेवली होती. विचारता सांगितले की, तार लावली तर कोणी येत नाही.’

त्याखाली, त्याच शाईत : ‘तार जोडून दिली.’

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. दिवाळीपासूनचे ते सगळे दिवस मला आठवले, मी जिने चढताना कुरकुरले ते, मागच्या बाकावरची कंपासपेटी, तो उभा राहिलेला मुलगा. ती तार कोणी सोडवली असेल? त्यानेच? तो गावी गेल्यावरही ती सुटलेलीच राहिली, म्हणजे एकट्याचं ते काम नव्हतं.

पुढची नोंद १७ मार्चची. सुरू ३.०८, संपले ३.२७. निवेदनात त्याचं नाव. शेऱ्यात त्याच्या बारीक, सरळ अक्षरात : ‘७ ब. स्पीकर चालू आहे. तरी गेलो.’